गाफच्या बनातले शुक्रवार

१४ नोव्हेंबर २००८, शुक्रवार
जुम्म्याची नमाज करून ऑफिसातल्या हॅरिस साहेबांबरोबर दुबईबाहेर अवीरला, बू राशिद या म्हाताऱ्या अरबाच्या शेतावर. मंदीमुळे आता नव्या टॉवरचं नाव कुणी काढत नाही, पण साहेबांचा शुक्रवार चुकत नाही. बंदूक बू राशिदची, लायसन्स त्याचंच, म्हणून चालवणार तोच. साहेब कुत्री सांभाळणार. मी थर्मास. शेळ्यांच्या जवावर पारव्यांच्या झुंडी पडतात आणि ऊन उतरलं की मागच्या गाफच्या, म्हणजे आपल्या शमीच्या, बनात बसायला जातात. तिथं झावळ्यांच्या आडोशामागे गप्प बसायचं. म्हातारा मिशीतल्या मिशीत बिस्मिल्ला म्हणतो आणि चाप ओढतो. सत्तरी ओलांडली तरी नेम पक्का.
पॉपी, साहेबांची लॅब्राडॉर. काळी, वर्षाचीही नाही अजून. पडलेला पारवा तोंडात धरून आली आणि साहेबांना सोडून माझ्या पायाशी ठेवला. साहेब हसले. मी पाय मागे घेतला, पण विजार ओली झालीच. कुत्र्याची लाळ नापाक, म्हणून घरी येऊन सात पाण्यांनी धुतली, त्यातलं एक मातीचं. सातव्या मजल्यावर माती कुठून आणायची? बायकोने, आयशाने, तुळशीसारख्या जपलेल्या पुदिन्याच्या कुंडीतली मूठभर दिली, आणि तोंड फिरवलं.

१६ जानेवारी २००९, शुक्रवार
हॅरिस साहेब गेले. तीन दिवसांपूर्वी नोकरी गेल्याचं लेटर मिळालं, आज विमान. त्यांनीच मला हिशेबाने वाचवलं असं लोक म्हणतात. मी प्लॅनिंग इंजिनियर, म्हणजे न होणाऱ्या कामांच्या तारखा लिहिणारा. तसा माणूस अशा दिवसांत जास्तच लागतो म्हणे.
विमानतळावर जायला निघण्याआधी पॉपीचा पट्टा माझ्या हातात दिला. फक्त उन्हाळ्यापर्यंत, हनीफ. तिकडे घर मिळालं की मागवून घेतो. त्यांची छोटी मुलगी गाडीत तोंड लपवून बसली होती. नाही कसं म्हणणार.

१७ जानेवारी
आयशा नाही म्हणाली. ओरडून नाही, हळूच. "हे घर आहे. नमाजाची जागा आहे. इथं नको." मी म्हटलं, पदरी पडलं आणि पवित्र झालं. ती हसली नाही. बिल्डिंगच्या वॉचमनने तर लिफ्टच अडवली. रात्रभर पॉपी गाडीत, मी गाडीत, खाली, आमच्या अल मजाज भागातल्या पार्किंगमध्ये. काचेवर तिच्या श्वासाचं धुकं. मला कुत्री आवडत नाहीत, हे मी स्वतःला पुन्हा पुन्हा सांगत होतो.
सकाळी सरळ बू राशिदकडे नेली. मा फी मुश्किल, काही अडचण नाही, म्हणाला. त्याला प येत नाही, त्यामुळे पॉपीची तिथल्या तिथे बोबी झाली. तिने त्याचा हात चाटला आणि तो तसाच दुपारच्या नमाजाला उभा राहिला. मी बघतच राहिलो. ते मालिकी पंथाचे, त्यांच्यात चालतं. आम्ही कोकणातले शाफई, आमच्यात नाही. अल्ला एकच, पण धुण्याचं पाणी वेगळं.

६ फेब्रुवारी, शुक्रवार
आता शिकारीच्या वेळी पॉपी माझ्याकडे. साहेब तिला इंग्रजीत फेच म्हणून सोडायचे. बू राशिदने आज बजावलं की हे चालणार नाही. कुत्र्याला शिकारीवर सोडायचं तर अल्लाचं नाव घेऊनच सोडायचं. पारवा जिवंत पडला आणि तिच्या तोंडात मेला, तर नाव घेतलेलं असलं तरच खाता येतो. आणि तिने त्यातलं स्वतः खाल्लं तर खलास, तो फेकायचा.
बरोबरच आहे. गावी चाचांबरोबर ठासणीची बंदूक घेऊन हारीळ पाखरं मारायला जायचो, तेव्हा चाचाही हेच सांगायचे. तर आता मोज्यात वाळू भरून, वर पारव्याचा पंख बांधून शिकवणी सुरू. फेकायचा, तिला बसवून ठेवायची, थांबायचं, मग बिस्मिल्ला. पहिल्या चार वेळा ढिम्म. पाचव्यांदा सुटली. मी टाळ्या वाजवल्या, एकटाच.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार
लेकीला, सनाला, घेऊन गेलो. तेरा वर्षांची पोर, दुपारभर वाळूत लोळली. पॉपी तिच्याकडून मोजा घेते पण परत आणून मलाच देते. "पप्पा, शी थिंक्स यू आर द बॉस. पूअर थिंग." आयशाला सांगू नको म्हटलं, पण कपड्यांवरचे काळे केस कोण लपवणार.
पॉपी आता नाव घेतलं की बाणासारखी सुटते, घेतलं नाही तर हलत नाही. बू राशिद खूष. "तुम अच्छा उस्ताद है," म्हणाला. ऑफिसात पंधरा वर्षांत हे कुणी म्हटलं नव्हतं.

२८ मार्च, शनिवार
आयशा आणि सना गेल्या. पगार निम्मा झाला, मजाजचं घर परवडत नाही, सनाचं वर्ष संपलं म्हणून हाच मुहूर्त. गावच्या शाळेत मराठी येईल का तिला, माहीत नाही. एअरपोर्टवर आयशाने शेवटच्या क्षणी एवढंच विचारलं की मी जेवणार कुठे. सना एकदाही मागे वळली नाही. घर रिकामं करून फ्रीज विकला, तेव्हा कुठे रडू आलं. फ्रीजला.

१० एप्रिल, शुक्रवार
आता राहायला बू राशिदच्या शेतावर. पंपाशेजारची खोली, खाट, कूलर. ऑफिसला गाडीने अर्धा तास. म्हाताऱ्याने भाडं घ्यायला नकार दिला, म्हणाला बोबीला रात्री कुणी तरी पाहिजेच होतं. पॉपी दाराबाहेर झोपते, मी दाराआत. मध्ये उंबरा. उंबऱ्यापर्यंत माझी शरियत.

जुलै, तारीख बघितली नाही
गरमी. शिकार बंद. पॉपी शेळ्यांच्या पाण्यात बसून असते. बू राशिद मुलाकडे, दुबईतल्या घरी, एसीत. फोनवर आयशा विचारते, पगार झाला का, जेवलात का. आज शेवटी म्हणाली, आणि ती जेवली का? मी म्हटलं कोण? म्हणाली, तीच.

१६ ऑक्टोबर, शुक्रवार
हवा फिरली. पारवे आले, म्हाताराही आला. पण उन्हाळ्याने त्याला फार खाल्लंय. कान गेले. डोळ्यांवर पडदा, ऑपरेशन कर म्हटलं तर मुलावर चिडतो. दोन पारवे चुकले, तिसरा पडला. हालचालीवर आणि सावलीवर मारतो, म्हणाला. कान गेले की माणूस मोठ्याने बोलतो, तसं मिशीतलं बिस्मिल्ला आता बनभर ऐकू येतं.
हॅरिस साहेबांचा मेल नाही. उन्हाळा संपला. सरळ सांगतो, मेल नाही याचा आनंद वाटला. नोकरी कधी जाईल ठाऊक नाही, बायको पोर तिकडे, आणि मला दिवसाला एकच धास्ती, की कुणी तरी येऊन हे कुत्रं घेऊन जाईल. रोज ऑफिसातून परत येताना फाटकाशी ती उभी असते. माझ्या गाडीचा आवाज ओळखते. मला सबंध दिवसात ओळखणारं तेवढंच.

२८ नोव्हेंबर, बकरी ईदचा दुसरा दिवस
बू राशिदचा मुलगा राशिद आला होता. चांगला माणूस, मला हबीबी म्हणून मटणाचं ताट दिलं. पण दुबईतल्या इमारतींत त्याचं बरंच अडकलंय. शेत विकणार. गिऱ्हाईक आहे, हिवाळा संपेपर्यंत थांबा असं बापाने कबूल करून घेतलंय. बू राशिद बंदूक पुसत बसला. गाफची झाडं त्याच्या बापाच्या वेळची. नवा मालक ती ठेवील का, मी विचारलं नाही.

१८ डिसेंबर, शुक्रवार
पॉपी आज दोनदा बार व्हायच्या आधीच उठली. पट्टा धरून बसवली. उत्साह, वयाचा गुण, आणि थंडीही पडलीय. बू राशिदला सांगितलं, तो म्हणाला जवान है, जाने दो.

८ जानेवारी २०१०, शुक्रवार
लिहिता येत नाही. पॉपीला लागलं.

९ जानेवारी
आज लिहितो, नाही तर डोक्यातच फिरत राहील.
काल ऊन उतरता उतरता एक पारवा खाली, बनाच्या कडेच्या बुटक्या फांदीवर येऊन बसला. म्हाताऱ्याने बंदूक उचलली, नेम खाली. मोठ्याने म्हणाला, बिस्मिल्ला. आणि पॉपी सुटली. पट्टा मी हातात धरला नव्हता, थर्मास उघडत होतो. संधिप्रकाशात काळं कुत्रं मला दिसलं नाही तर त्याला काय दिसणार. बार झाला. ती ओरडलीही नाही, नुसती गोल गोल फिरायला लागली.
नाव घेतलं की धावायचं, हे मीच शिकवलं होतं. बंदूकवालाही तेच नाव घेतो, हे मला माहीत नव्हतं का? वर्षभर शेजारी बसलोय. तो हळू म्हणायचा तोवर चाललं. तो मोठ्याने म्हणायला लागला तेव्हा तिला कळलं आणि मला कळलं नाही. उठत होती ती, दोनदा उठली. मी उत्साह म्हणालो. महिनाभराच्या तारखा आखणारा मी.
बू राशिदने डोक्यावरचा गुत्र्याचा रुमाल काढून तिच्या तोंडाला गुंडाळला. मी गाडी चालवली, तो मागे, ती त्याच्या मांडीवर. वाटेत ती चाचपडत पुढे आली आणि माझी मान, कान चाटत राहिली. दवाखान्यात तिला आत नेल्यावर बाहेर गाडीशेजारी दोघांनी मगरीबची नमाज पढली. निम्मी झाल्यावर लक्षात आलं की मी मान धुतलेली नाही. मोडली नाही. झाली की नाही, ज्याची त्याला ठाऊक.

१२ जानेवारी
दोन्ही डोळे गेले. एक छर्रा कपाळात राहिलाय, तो काढणार नाहीत. बाकी ठीक. खाते, शेपटी हलवते. दवाखान्यातली डॉक्टर गोव्याची, कोकणीत बोलली, बरं वाटलं. म्हणाली आंधळी कुत्री जगतात, छान जगतात. त्यांना दोनच गोष्टी लागतात, एक ठरलेली जागा आणि एक ठरलेला माणूस.
मी मान हलवली. शेत विकायला काढलंय आणि माझा व्हिसा कंपनीच्या हातात. दोन्हींतलं एकही माझ्याकडे नाही हे त्या बाईला कशाला सांगायचं.

१५ जानेवारी, शुक्रवार
पॉपी शेतावर परत. पहिला दिवस सगळ्या झाडांना धडकली. बू राशिद बंदूक घेऊन आला नाही. राशिदने ती कुलपात टाकली म्हणतात, मला वाटतं म्हाताऱ्यानेच दिली असेल.
मी त्याची माफी मागितली. त्याने माझी. "नाम में खता नहीं, हनीफ. खता मेरे आँख में है." मी म्हटलं माझ्या शिकवण्यात आहे. दोघांनी मिळून दोष वाटून घेतला, पण वाटून कमी होणारी ती गोष्ट नाही. घरी आल्यासारखं रडलो. त्याच्या समोर, लाज न वाटता.

१९ जानेवारी
ऑफिस खलास. महिन्याभरात देश सोडायचा. सगळ्यांनी एकमेकांना इन्शाल्ला म्हटलं. मला आत काहीच वाटलं नाही, नोकरी जायचं दुःख मी आधीच कुठे तरी खर्चून बसलो होतो. आयशाला कळवलं. ती म्हणाली, या. बास. एवढंच, पण आवाज हलका होता.

२३ जानेवारी
सकाळी उठलो तर बू राशिद आलेला. ड्रायव्हरला घेऊन खोलीच्या दारापासून पाण्याच्या हौदापर्यंत, तिथून शेळ्यांच्या गोठ्यापर्यंत गुडघाभर उंचीवर दोरी बांधून घेत होता. पॉपीला दोन दिवसांत जमलं. दोरीला खांदा घासत जाते. दुपारी बघितलं, म्हाताराही त्याच दोरीला काठी लावून हौदापर्यंत जात होता.
हे सगळं हिवाळ्यापुरतं. गिऱ्हाईक परवा जमीन मोजून गेलं.

३० जानेवारी
हॅरिस साहेबांचा मेल, वर्षाने. माणूस वाईट नाही, त्याचंही वर्ष वाईट गेलं. आता घर आहे, मागे अंगण आहे, मुलगी रोज पॉपीचं विचारते, विमानाचं सगळं ते बघतील. महिन्यापूर्वी हा मेल आला असता तर मी जळफळलो असतो. आज आनंदाने पाठवली असती.
सगळं लिहिलं. काही लपवलं नाही.

२ फेब्रुवारी
उत्तर आलं. तीन दिवस घेतले त्यांनी. माझ्यावर राग नाही म्हणतात. पण आंधळ्या कुत्रीला इतक्या लांबच्या प्रवासात घालणं क्रूरपणा, नव्या घरात ती कशी राहील, मुलीला असं दाखवायचं नाही. तेव्हा जे दयेचं आहे ते करू. दवाखान्याला कळवलंय, शनिवारी सकाळी. बरोबर तू राहशील का, हनीफ? ती तुला ओळखते.
कुत्री कागदावर त्यांचीच आहे. मी फक्त राखणदार.
बू राशिदला सांगितलं. खातं पितं जनावर मारायचं? म्हणाला. त्यालाही ती ठेवता येणार नाही. मुलाच्या घरी सून कुत्र्याला घाबरते, आणि ते घर आता मुलाचं आहे.

५ फेब्रुवारी, शुक्रवार
मंगळवारचं विमान. एकाचं तिकीट.
जुम्म्यानंतर आयशाचा फोन. दयेचं काय ते मी तिला समजावून सांगत होतो. साहेब म्हणतात तेही खोटं नाही, नवी जागा, प्रवास, जनावराचे हाल. वर आपलं घर, नमाजाची जागा, हेही मीच म्हटलं, तिने म्हणायच्या आधी. ती ऐकत होती. मग विचारलं, "फक्त दिसत नाही ना तिला?"
मी हो म्हटलं.
"अम्माला शेवटची सहा वर्षं कुठे दिसत होतं? तिचं आपण काय केलं?"
माझी आई. शेवटी शेवटी माजघर ते विहीर एवढंच तिचं जग होतं. मी इथे होतो, टॉवरच्या तारखा लिहीत. मी म्हटलं, तिच्याजवळ तू होतीस.
"मी आहेच की अजून," आयशा म्हणाली.
मग सना फोनवर, मागून ओरडून, "पप्पा, जस्ट ब्रिंग हर." त्यानंतर फोनचं कार्ड संपलं.
बराच वेळ पंपाशी बसलो. पॉपी दोरीने दोरीने आली, दोरी संपली तिथे थांबली, वास घेतला आणि माझ्या गुडघ्यावर हनुवटी टेकली. संध्याकाळी पारवे आले आणि गाफच्या बनात बसले, त्यांना आता कुणी काही म्हणत नाही.
साहेबांना मेल टाकलाय. कुत्री माझ्या नावावर करून द्या, सही लागेल. आत्ता पुन्हा बघितलं, उत्तर नाही. सहीशिवाय कार्गोवाले घेणार नाहीत, आणि दवाखान्याला कळवलेलं साहेबांनी अजून मागे घेतलेलं नाही. बू राशिदने विचारलं, सकाळी कुठे. म्हटलं माहीत नाही. दवाखाना काय आणि एअरपोर्टचं कार्गो काय, राशिदियाच्या वळणापर्यंत रस्ता एकच आहे. तिचं भांडं आणि पट्टा गाडीत ठेवलाय. पहाटे फजरनंतर निघतो.